चौघांचा क्रू आणि माहे ते प्रालिन: पहिला सेलिंग पॅसेज कसा करायचा

सेशेल्समधल्या माहे बेटावरून प्रालिन बेटापर्यंत भाड्याच्या शिडाच्या बोटीने पहिला पॅसेज, म्हणजे उघड्या समुद्रातून एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, चार जण करणार असाल तर प्लॅन दोघांचा करा. बाकी सगळं ह्यातूनच निघतं म्हणून हे आधी सांगते. उघड्या समुद्रात पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांपैकी एकाला तरी बोट लागतेच, बऱ्याचदा दोघांना लागते, आणि मग उरलेल्या दोघांना सुकाणू पण धरायचं असतं, शीड पण कमी करायचं असतं, रेडिओ ऐकायचा असतो, समोरून येणारी फेरीबोट बघायची असते आणि आडव्या पडलेल्या माणसाला घोट घोट पाणी पण द्यायचं असतं. हे दोघं कोण असतील ते निघायच्या आधी कळत नाही. त्यामुळे चौघांपैकी प्रत्येकाला, हो प्रत्येकाला, एकट्याने इंजिन सुरू करून, पुढचं शीड गुंडाळून बोट वाऱ्याच्या तोंडावर आणता आली पाहिजे. ज्याला हे येत नाही त्याला जरूर न्या, फक्त क्रू मोजताना त्याला धरू नका.

दोघांत होतं का, तर होतं. आपल्या नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. ह्या दोघी तारिणी ही ५६ फुटी बोट घेऊन २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आल्या. त्यांची तयारी वेगळ्याच लेव्हलची होती, मान्य, पण बोटीवरचं कुठलंही काम दोघींपैकी कोणीही करू शकेल ही गोष्ट आपल्यालाही लागूच आहे.

आता पहिल्या पॅसेजला सेशेल्सच का. एक तर मुंबईहून डायरेक्ट फ्लाइटने साडेचार तासांच्या आसपास लागतात. दुसरं म्हणजे मुख्य बेटं विषुववृत्ताच्या खाली चार-पाच अंशांवर आहेत, इतक्या जवळ चक्रीवादळं सहसा येतच नाहीत. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, माहे बेटावरून प्रालिन बेट ईशान्येला आहे आणि तिथले दोन मुख्य वारे म्हणजे मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा आणि डिसेंबर ते मार्च वायव्येचा, म्हणजे तुम्ही कधीही गेलात तरी वारा साधारण बाजूनेच मिळतो, जाताना पण आणि येताना पण. नवख्या क्रूला ह्याहून सोपी दिशा नाही, वाऱ्यावर चढत जायचं नाही आणि वारा पाठीमागे घेऊन चुकून बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, फिरण्याची भीतीही नाही. अंतर माहेवरच्या ईडन आयलंडच्या मरीनापासून (मरीना म्हणजे बोटी बांधून ठेवायची जागा) प्रालिनच्या बे सेंट ऍनपर्यंत साधारण २५ नॉटिकल मैल, म्हणजे समुद्री मैल, पुढे नुसतं मैल म्हटलंय तेही हेच. एका दिवसाचं काम, तेही उजेडात. तिथल्या चार्टर कंपन्या, म्हणजे बोट भाड्याने देणाऱ्या, रात्री बोट चालवू देत नाहीत आणि ते बरंच आहे.

महिना निवडताना माझं स्पष्ट मत एप्रिल. दोन मोसमांच्या मधला काळ, वारा हलका, समुद्र शांत, कधीकधी इतका शांत की तास दोन तास इंजिनवर जावं लागतं आणि मग ग्रुपमधला एखादा कुरकुरतो की ह्यासाठी का आलो, तर हो, पहिल्या वेळी ह्यासाठीच यायचं. नोव्हेंबर पण असाच मधला महिना, दिवाळीची सुट्टी जमली तर तो धरा. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा जोरात असतो, लाटा मोठ्या, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बोटी बंद म्हणून ह्याच काळात तिकडे जाऊ असं डोक्यात येतं, पण पहिल्या पॅसेजला नको. एप्रिलचा अजून एक फायदा म्हणजे तो आपल्या शिकण्याच्या सीझनला बरोबर जुळतो. मुंबई हार्बरमध्ये सेलिंग ऑक्टोबरपासून सुरू होतं, मग ऑक्टोबर ते मार्च शिकायचं आणि हात गरम असतानाच एप्रिलला निघायचं.

शिकण्याबद्दल. चार्टर कंपनीला स्किपरचं, म्हणजे बोटीच्या कप्तानाचं, सर्टिफिकेट लागतं, आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन ही ब्रिटिश संस्था) डे स्किपर किंवा त्या तोडीचं, आणि बाकीच्यांमधला किमान एक अनुभवी क्रू. डे स्किपरच्या प्रॅक्टिकल कोर्सला बसायच्या आधीच तुमच्या खात्यावर ५ दिवस, १०० मैल आणि ४ तास रात्रीचं सेलिंग असावं अशी अपेक्षा असते, म्हणजे हे एका वीकेंडचं काम नाही. ठाण्याहून किंवा बेलापूरहून सीएसएमटी गाठून कुलाबा-गेटवेच्या क्लबमध्ये पोचायचं तर रविवारची पहाटेची लोकल पकडावी लागते आणि सीझनभर पकडावी लागते. सर्टिफिकेट नसेल तर तिथला स्किपर बोटीसोबत घ्या, ह्यात कमीपणा काहीच नाही, उलट पहिले दोन दिवस त्याला घेऊन शिका आणि मग पुढे ठरवा. काही जण चौघांपैकी एकालाच कोर्स करायला लावतात, पैसे वाचतात म्हणून. मी म्हणेन दोघांनी तरी करा, कारण बोट नेमकी स्किपरलाच लागली तर काय. आणि उरलेल्या दोघांनी निदान बोलाइन, क्लीट हिच, राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस ह्या गाठी डोळे मिटून यायला पाहिजेत, गॅलरीच्या ग्रिलवर रोज दहा मिनिटं करा, पंधरा दिवसांत बसतात.

आता रंगीत तालीम. मला विचाराल तर ह्या सगळ्या लेखातला हाच भाग सगळ्यात उपयोगाचा आहे आणि हाच लोक गाळतात. गेटवेहून थळसमोरच्या खांदेरी बेटापर्यंत सरळ रेषेत तेरा-चौदा मैल, म्हणजे जाऊन-येऊन होतात सत्तावीसच्या आसपास, जवळजवळ माहे ते प्रालिनएवढंच. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमधला एक दिवस ठरवा, क्लबची मोठी किलबोट (तळाला जड पातं असलेली) घ्या, सोबत इन्स्ट्रक्टर घ्या पण त्याला सांगा की गरज पडल्याशिवाय हात लावू नका, आणि खांदेरीला वळसा घालून या. उतरायचं नाही, फक्त वळसा. भरती-ओहोटीचं टेबल बघून दिवस ठरवा, जाताना ओहोटी आणि येताना भरती मिळाली पाहिजे, कारण आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं आणि हार्बरमध्ये पाण्याची ती ओढ उलटी मिळाली तर बोट पाण्यावर पळतेय आणि किनारा मात्र हलत नाहीये असा प्रकार होतो. सकाळी मतलई वारा मंद असतो, दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो, म्हणजे जाताना तो मागून तिरका आणि येताना तोंडावर तिरका. येतानाचे हे तीन-चार तास सगळ्यांची परीक्षा घेतात. बोट तिरकी, तोंडावर पाणी, ऊन, कंटाळा, आणि तेव्हा कळतं की कोण न सांगता शीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढतो आणि कोण मोबाइल काढून बसतो.

आणि ह्या फेरीत अर्धा क्रू काढून टाकायचा. म्हणजे एक तास क आणि ख ने फक्त बसायचं, काही झालं तरी हात लावायचा नाही, बोट ग आणि घ ने चालवायची. पुढच्या तासाला उलट. मग जोड्या बदला. चार जणांच्या सहा जोड्या होतात, सहाही जोड्या करून बघा. एखादी जोडी अडते, बहुतेक वेळा नवरा-बायकोची, कारण एक जण सगळं करायची सवय असते आणि दुसऱ्याने कधी सुकाणू धरलेलंच नसतं. ते इथे, थळच्या किनाऱ्यासमोर कळलेलं बरं. वाटेत कोळ्यांची जाळी असतात, त्यांच्या खुणेच्या तरंगत्या डब्यांवर नजर ठेवायला एक माणूस पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसवा, प्रोपेलरमध्ये जाळं अडकलं तर त्यांचंही नुकसान आणि आपलंही. न्हावा शेवाकडे जाणारी मोठी जहाजं दिसली की चॅनेल, म्हणजे मोठ्या जहाजांची ठरलेली वाट, सोडून बाजूला व्हायचं, शिडाच्या बोटीला वाट द्यायची असा नियम असला तरी अरुंद चॅनेलमध्ये तो आपल्या बाजूने नसतो. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं असूनही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या, भरती-ओहोटी आणि वारा ओळखण्याच्या जोरावर. तिथे गेलात की हे आठवल्याशिवाय राहत नाही.

सामान. कमी आणि मऊ बॅगेत, सूटकेस बोटीवर ठेवायला जागा नसते. ह्यातल्या काही गोष्टी एअरपोर्टवर अडकवतात. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मुंबईहून नेऊ नका, परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि प्रवासी ह्यात खरोखर अडकलेत, लागलाच तर तिथे चार्टर कंपनीकडून भाड्याने मिळतो का विचारा. आपोआप फुगणारं लाइफजॅकेट नेत असाल तर त्यातल्या गॅसच्या नळकांडीसाठी एअरलाइनची आधी परवानगी घ्या. पॉवरबँक हातातल्या बॅगेत. सुकं खोबरं नको. ताजी फळं, भाज्या, बिया, कढीपत्त्याची जुडी, काही नको, तिकडे बेटांवरच्या झाडांची काळजी म्हणून तपासणी असते. भारतीयांना व्हिसा लागत नाही पण जायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन काढावं लागतं, आणि त्यात राहण्याचा पत्ता म्हणून बोटीचं बुकिंग द्यायचं असतं, तो कागद कंपनीकडून वेळेत मागून घ्या.

बोट लागण्यावर जरा जास्त लिहिते कारण सगळा प्लॅन ह्यावरच आहे. गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा आणि ती आधी घरी एका सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, काहींना इतकी झोप येते की तो माणूस तसाही बाद. गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आदल्या रात्री आणि सकाळी निघायच्या आधी घ्यायची. पहिल्या दिवशी खाली केबिनमध्ये जाणं शक्य तितकं टाळा, बॅगेतलं जे लागणार ते सगळं आधीच कॉकपिटमध्ये, म्हणजे वर सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, आणून ठेवा, टोपी, सनस्क्रीन, गॉगल, पाण्याची बाटली, ओआरएस, विंडचीटर. नजर क्षितिजावर. ज्याला मळमळतंय त्याला सुकाणू द्या, खरंच द्या, हातात काम आणि डोळे दूरवर असले की बऱ्याच जणांना आराम पडतो. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. रात्रीचं जागरण आणि दारू दोन्ही आदल्या दिवशी नको, फ्लाइटने उतरल्या उतरल्या त्याच दिवशी निघू नका, पहिली रात्र मरीनातच बोटीवर झोपा. आणि कोणाला फारच झालं तर लाजायचं नाही, माहे आणि प्रालिनच्या मध्ये मोठी फेरी चालते, तासाभरात पोचवते, त्या माणसाला परतीला फेरीने पाठवता येतं. हा पर्याय आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवला की कोणी आजार लपवत नाही.

खाण्याचं म्हणाल तर चालत्या बोटीवर स्वयंपाक करायचाच नाही. सकाळी मरीनात प्रेशर कुकरला मऊ खिचडी लावायची, झाकण न काढता तशीच सिंकमध्ये बसवून ठेवायची, झाकण लॉक असल्यामुळे बोट कितीही हलली तरी सांडत नाही. निघताना गॅस सिलिंडरवरच बंद करा, नुसता शेगडीवर नाही. घरून भाजलेल्या शेंगदाण्यांचे आणि राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, थालीपिठाची भाजणी न्या. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा, चार जण सात दिवस म्हणजे ८४ लिटर, आणि हे टाकीतल्या पाण्यावर अवलंबून न ठेवता वेगळ्या बाटल्यांत.

बोट ताब्यात घेताना कंपनीचा माणूस दोन तास सगळं दाखवतो. चौघांनीही हजर राहायचं, एकाने मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढायचा. बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) कुठे, तळाचे व्हॉल्व्ह कुठे, नांगराच्या विंचचा ब्रेकर कुठे, स्टिअरिंग गेलं तर इमर्जन्सी टिलर (हाताने सुकाणू फिरवायचा दांडा) कुठे आणि कसा बसवायचा, इंजिन तेल कसं बघायचं, टॉयलेट कसं चालवायचं. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकदा मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, वर चढवून रीफ करून, म्हणजे थोडी गुंडाळून लहान करून, दाखवायची, तिथेच, धक्क्याला बांधलेली असताना, वारा नसेल तर. घाई करू नका, तो माणूस घाई करत असेल तरी.

कॅटमरान, म्हणजे शेजारी शेजारी दोन सांगाडे जोडलेली बोट, घ्यावी की साधी बोट? पहिल्यांदा कॅटमरान, आडवी होत नाही, झोप लागते. पण ह्याचाच एक धोका आहे. साधी बोट वारा वाढला की तिरकी होऊन ओरडून सांगते, कॅटमरान सांगत नाही, ती सरळ राहते आणि सगळा जोर डोलकाठीवर आणि दोऱ्यांवर येत राहतो. म्हणून शीड कधी कमी करायचं हे अंगाला काय वाटतं त्यावर नाही, वाऱ्याच्या मीटरवर ठरवायचं. कंपनीच्या पुस्तकात आकडे असतात, तुम्ही त्याच्याही आधी करा, १५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक समुद्री मैल) पहिली रीफ, २० ला दुसरी. दोघांनाच करायचं आहे हे लक्षात ठेवा, २२ नॉटला फडफडणारं शीड दोघांना आवरत नाही. खरं तर पहिल्या दिवशी मरीनातून बाहेर पडतानाच एक रीफ घालून निघालात तरी चालेल, वेळ थोडा जास्त लागेल बाकी काही नाही.

वेळेचं गणित असं करा. सूर्य विषुववृत्ताजवळ वर्षभर संध्याकाळी साधारण सव्वासहा-साडेसहाच्या आसपास मावळतो आणि अंधार पटकन होतो. पण खरी वेळ सूर्यास्ताची नाही. पाण्याखालचे खडक आणि कोरल दिसायला सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे लागतो, म्हणजे नांगर टाकायच्या जागी साधारण अकरा ते तीनच्या मध्ये पोचायचं. आता २५ मैल, सरासरी ५ नॉटने पाच तास, आठला निघालात तर एकला पोचाल. ४ नॉट पडले तर सव्वादोन, अजून ठीक आहे. ३ नॉट पडले तर चार वीस, हे चालणार नाही. म्हणून नियम ठरवून टाका की अर्धा तास वेग ४ च्या खाली राहिला तर इंजिन सुरू, चर्चा नाही. आणि दुसरा नियम परत फिरण्याचा, साडेदहापर्यंत काही बिघडलं, कोणी आजारी पडलं, ढग वाईट दिसले तर परत माहेला, कारण तोपर्यंत मागचं बंदर जवळ आहे, त्यानंतर पुढचं. हे दोन्ही नियम आदल्या रात्री कागदावर लिहून चार्ट टेबलाला चिकटवा, म्हणजे उन्हात डोकं तापलेलं असताना वाद होत नाहीत.

वेदर बघताना घड्याळाची गफलत फार होते. फोरकास्ट बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, सेशेल्स त्याच्या ४ तास पुढे, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे. एकाने जरी मनगटावरचं घड्याळ मुंबईचंच ठेवलं तरी गोंधळ. उतरल्या उतरल्या सगळी घड्याळं बदला. विंडी ह्या हवामानाच्या अॅपवर अंदाजाची दोन मॉडेल उघडून बघा, दोन्ही जुळत असतील तर विश्वास ठेवा, नसतील तर वाईट आहे ते खरं धरा, आणि सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा आकडा बघा. निघायच्या आधी कंपनीच्या बेसवर फोन करून तिथल्या माणसाला विचारा, त्याला अॅपपेक्षा जास्त कळतं.

सकाळी बंदरातून बाहेर काढणारे बॉय, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, बघताना एक बरं आहे, तिथली पद्धत आपल्यासारखीच, बंदरात शिरताना लाल डावीकडे, म्हणजे बाहेर पडताना लाल उजवीकडे. मुंबई हार्बरमध्ये जे शिकलात तेच. बेसवाले चार्टवर मार्ग आखून देतात तोच धरा, शॉर्टकट नको. ह्याच पाण्यात १ जून १९७० ला ब्रिटिश नौदलाला तेल पुरवणारा एनरडेल नावाचा मोठा टँकर माहेच्या पोर्ट व्हिक्टोरियापासून सातेक मैलांवर चार्टवर नसलेल्या खडकाला लागून बुडाला होता. आता चार्ट सुधारलेत, पण प्लॉटरवर, म्हणजे समुद्राचा नकाशा आणि आपली जागा दाखवणाऱ्या स्क्रीनवर, निळं दिसतंय म्हणजे खोल आहे असं आंधळेपणाने धरू नये हे आजही तितकंच खरं. प्लॉटर चालू ठेवाच, पण दर तासाला वेळ, जागा, वेग, वारा, दिशा हे वहीत हाताने लिहा. प्लॉटर बंद पडला तर शेवटची जागा तरी माहीत असते. कोर्स साधारण ईशान्य, ४५ अंशांच्या आसपास, आणि सुकाणूवर तासाभराने माणूस बदलायचा, ऑटोपायलट लावला असेल तरी एक माणूस नजर ठेवायला उभा, त्याच्या हातात मोबाइल नाही.

काळ्या ढगाची भिंत आणि खाली पावसाचा पडदा दिसला की तो जवळ यायच्या आत शीड कमी करा, पुढचं गुंडाळा, मेन उतरवून टाका, इंजिन चालू. अर्ध्या तासात ते निघून जातं, पुन्हा शीड लावायचे कष्ट पडले तर पडू देत.

माणूस पाण्यात पडला तर. ह्याचा सराव फेंडरला (बोटीच्या कडेला लावायचा फुगा) बादली बांधून खांदेरीच्या दिवशी करा आणि तिथे पहिल्या सकाळी परत एकदा करा. ज्याने बघितलं त्याने ओरडायचं आणि हाताने त्या माणसाकडे दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही, कारण लाटांत डोकं दिसेनासं व्हायला काही सेकंद पुरतात. दुसऱ्याने रिंग फेकायची, प्लॉटरवरचं एमओबी (मॅन ओव्हरबोर्ड, माणूस पाण्यात) बटन दाबायचं, बोट वाऱ्याच्या तोंडावर आणायची, पुढचं शीड गुंडाळायचं, मेन मधोमध ओढायची, पाण्यात कुठली दोरी लोंबत नाहीये ना बघायचं आणि मगच इंजिन टाकायचं. माणूस जवळ आला की इंजिन न्यूट्रल, हे विसरायचं नाही. हे सगळं दोन माणसांत होतं, पण करून बघितलं असेल तरच. आणि मुळात पडायचंच नाही ह्यासाठी चालत्या बोटीवर लाइफजॅकेट कायम, डेकवर पुढे जाताना हार्नेस अडकवून, बूमच्या रेषेत डोकं न आणता, आणि पुरुष मंडळींनी लघवीला रेलिंगवर उभं न राहता खाली टॉयलेटला जायचं, हे नीट समजावून सांगा.

रेडिओवर चॅनेल १६, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनेल, कायम चालू. प्रत्येकाला मेडे कॉल, म्हणजे जिवावर बेतल्यावर मदतीची हाक, देता आला पाहिजे, जो कधी माइकसमोर बोलला नाही त्याला तर नक्कीच. कार्डावर देवनागरीत लिहून रेडिओशेजारी चिकटवा: मेडे मेडे मेडे, धिस इज, मग बोटीचं नाव तीनदा, परत एकदा मेडे आणि बोटीचं नाव, मग आपली जागा, काय झालंय, काय मदत हवी, बोटीवर किती जण, ओव्हर. बोटीचं नाव आणि माणसांचा आकडा आधीच भरून ठेवा. हळू बोलायचं. रेडिओवर लाल झाकणाखालचं बटन असेल तर आधी ते दाबून धरायचं, त्याने जागा आपोआप जाते.

प्रालिन जवळ आलं की शेवटच्या दोन मैलांत शीड उतरवून इंजिनवर या, घाईने नाही, मोकळं पाणी असतानाच. एक जण पोलराइज्ड गॉगल लावून नाळेवर उभा. आपल्या खाडीत पाणी गढूळ, खाली काय आहे ते डेप्थ मीटरच सांगतो, तिथे मात्र पाणी वाचता येतं आणि ही सवय नव्याने लावावी लागते. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट फिकं निळं म्हणजे वाळू आणि पाणी कमी, तपकिरी-पिवळे डाग म्हणजे कोरल किंवा खडक, तिकडे जायचं नाही. ढगाची सावली पण गडद डागासारखी दिसते, ती हलते, थांबून बघा. हातवारे आधी ठरवा, इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. बे सेंट ऍनमध्ये फेरीबोटी वेगात येतात, त्यांची वाट अडवून नांगर टाकू नका.

नांगर फक्त वाळूत. कोरलवर टाकायला बंदी आहे आणि ते असंही पाप आहे, एका साखळीने कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाच मीटर पाण्यात नाळेची उंची धरून ३० ते ३५ मीटर साखळी सोडा, साखळी एका जागी ढीग करून नाही, बोट हळू मागे घेत पसरत. मग इंजिन मागे ओढून बघा, किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा खांब एका रेषेत धरून ती रेषा हलत नाही ना बघा. नंतर एकाने मास्क लावून पाण्यात उतरून नांगर वाळूत रुतलाय का स्वतः डोळ्यांनी बघायचं. नाही रुतला तर उचला आणि परत टाका, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, जेवढं लागेल तेवढं, खिचडी थांबते. तिथे भरती-ओहोटी दोन मीटरच्या आत असते त्यामुळे आपल्याइतकी चिंता नाही, पण शेजारच्या बोटी वाऱ्याबरोबर कशा फिरतील ते बघून अंतर ठेवा.

पुढचे दिवस सोपे. प्रालिनवर व्हॅले द मे हे जंगल, १९८३ पासून जागतिक वारसा, तिथली कोको द मेर ह्या ताडाची झाडं बघायला अर्धा दिवस द्या. ला दिग बेट चार मैलांवर, क्युरियस बेट त्याहून जवळ, तिथे मोठी कासवं आणि मरीन पार्कची फी. प्रालिनच्याच आन्स लाझिओ किनाऱ्याला नांगर टाकायचा तर आग्नेयेच्या वाऱ्यात टाका, वायव्येचा असेल तर तिथे बोट रात्रभर डोलते. परतीचा पॅसेज बोट परत करायच्या आदल्या दिवशीच करा, त्याच दिवशी नाही, म्हणजे वारा बिघडला तर एक दिवस हाताशी राहतो. शेवटची रात्र माहेजवळ, सकाळी डिझेल भरून मरीनात.

एप्रिलला जायचं ठरत असेल तर ह्या पावसाळ्यातच चौघांनी बसून तारखा, पैसे आणि कोर्स कोण करणार ते ठरवा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थिअरी संपवा, बोटीचं बुकिंग करताना सर्टिफिकेट कधीपर्यंत पाठवायचं ते कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या बॅचला नाव घाला, त्या बॅच लवकर भरतात.